सेव्ह न केलेला तिसरा अंक

यंदा आमच्या वाडीत जसं नाटक झालं, तसं दासगावपासून पोलादपूरपर्यंत दुसऱ्या कुठल्या वाडीत झालं असेल तर मला आणून दाखवा. मी पैज लावते. आणि हे सगळं झालं माझ्या दिरामुळे, अश्वजितमुळे. त्याची गोष्ट मीच सांगते, कारण तो स्वतः सांगायला बसला तर जेवणाची वेळ टळून जाईल. हे मी त्याच्या तोंडावरही म्हणते. तो हसतो.

अश्वजित बोलताना अडखळतो. लहानपणापासून. 'म' आणि 'प' ही त्याची हाडवैरी अक्षरं. महाडला हॉटेलात गेला की जीव मिसळीत असतो, पण 'म' नको म्हणून वडा मागतो आणि मुकाट्याने खातो. दोन ठिकाणी मुलगी बघायला गेलो होतो. नाव विचारलं की हा 'अ' वरच अडकायचा, तिकडची माणसं एकमेकांकडे बघायची आणि चहा संपायच्या आत विषय संपायचा. तिसरीकडे जायला तो तयारच झाला नाही.

पण गंमत बघा, कुजबुजताना तो अजिबात अडखळत नाही. का, ते मला विचारू नका. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हा नववीत होता. शाळेत बाईंनी धडा वाचायला उभं केलं की पोरं फिदीफिदी हसायची, म्हणून हा पोटात दुखतंय सांगून घरी यायचा. आणि संध्याकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले की माझ्या कानाशी बसून अख्खा धडा कुजबुजत वाचून दाखवायचा. एक अक्षर अडायचं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मेला शाळेत सोंग करतो की काय!

आता तो औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत ऑपरेटर आहे. तिथे मशीनचा इतका आवाज असतो की सगळे हातवारे करूनच बोलतात, त्यामुळे त्याचं तिथे उत्तम चाललंय. बाकी वेळ तो लिहितो. वाडीचं नाटक दर वर्षी तोच लिहितो, आणि विंगेत बसून प्रॉम्टिंगही तोच करतो.

शहरात प्रॉम्टर म्हणजे काय असतो कोण जाणे, आमच्याकडे तो अर्धं नाटक असतो. आमचं नाटक मे महिन्यात, संयुक्त जयंतीला, मुंबईची माणसं सुट्टीवर आली की. नट सगळे कामाधंद्याचे. कुणी प्लंबर, कुणी कंपनीत, कुणी शेतावर. पाठ करायला वेळ आहे कुणाला? अश्वजित आतून वाक्य सोडतो, आम्ही ते उचलून मोठ्याने म्हणतो. पुढे चटईवर बसलेल्या पोरांना त्याची कुजबुज आधी ऐकू जाते, ती आमच्याही आधी वाक्य म्हणून मोकळी होतात. मी नेहमीची नायिका. अंगणवाडीत पोरांवर ओरडून आवाज कमावलाय, पण इतक्या वर्षांत एक ओळ पाठ केली असेल तर शपथ! अश्वजित असताना पाठ कशाला करायचं?

मागच्या वर्षी मात्र आमची फजिती झाली. ऐन रंगात लाइट गेली, अश्वजितला वाचता येईना, आणि जनरेटर सुरू होईपर्यंत आम्ही स्टेजवर खांबासारखे उभे. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग या वर्षीच्या मीटिंगमध्ये मुंबईला राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाच्या सेक्रेटरींनी, महिपत तात्यांनी, सरळ सांगून टाकलं, "नाटक आता पुरे झालं. पोरांना नको हाय. यंदा एक करा. यंदा पण असंच हसू झालं, तर पुढल्या वर्षापासून ऑर्केस्ट्रा. नाटक बंद."

अश्वजित कोपऱ्यात बसला होता. तो उठला, तोंड उघडलं, ओठ थरथरले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. आवाज काही बाहेर येईना. तात्यांनी जरासं थांबल्यासारखं केलं आणि पुढचा विषय घेतला. मला असा राग आला, असा राग आला, की तात्यांसाठी आणलेला चहा मी तसाच परत घेऊन गेले.

घरी आल्यावर विचारलं, "काय सांगायचं होतं रे तुला?"

तो ओट्यावर बसला आणि कुजबुजला, "नाटक नसलं तर मी कुठं बोलणार, वयनी?"

मला रडूच आलं. तोपर्यंत मला वाटायचं, नाटक म्हणजे त्याचा नाद. तेव्हा कळलं, वर्षातून एकदा याच्या तोंडातून न अडखळता निघालेलं वाक्य चारशे माणसं ऐकतात, भले ते माझ्या आवाजात असो. तेही गेलं तर याला राहिलं काय?

तर यंदाचं नाटक पडू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं. जुन्या वह्या पुरात गेल्या होत्या, म्हणून माझ्या लेकीने, सेजलने, तिचा जुना लॅपटॉप काकाला दिला. ती लोणेऱ्याला कॉम्प्युटर शिकते. लॅपटॉप फार रखडायचा म्हणून तिने त्यात लिनक्स घातलं आणि आपल्या सोयीचे शॉर्टकट बसवले. त्यातला एक तिचा फार लाडका. कंट्रोल, ऑल्ट आणि बॅकस्पेस ही तीन बटणं एकदम दाबली की चालू असलेलं सगळं धाडकन बंद, हो का नाही विचारणं नाही, थेट पासवर्ड मागणारा पडदा समोर. लॅपटॉप अडकून बसला की ती तेच करायची. "काका, ही तीन बटणं एकदम दाबू नको," असं तिने बजावलं होतं म्हणे. अश्वजित म्हणतो, बजावलं नव्हतं. मी त्या भानगडीत पडत नाही.

पण तिने एक गोष्ट सांगितली होती ती त्याने अगदी मनावर घेतली. झाकण लावलं तरी लिहिलेलं तसंच राहतं. झालं! याने लॅपटॉपला वहीच समजून टाकलं. वही मिटली म्हणून अक्षरं जातात का? ड्युटीवरून यायचा, झाकण उघडायचा, लिहायचा, झाकण लावायचा. दुसऱ्या दिवशी उघडलं की सगळं जागच्या जागी. सेव्ह नावाचं काही करावं लागतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. पहिले दोन अंक सेजलने घरी आली तेव्हा पेनड्राइव्हवर घेतले आणि महाडहून छापून आणले. तिसरा अंक काही त्याच्या हातून सुटेना.

नाटक होतं एका बहिणीचं, गोदाचं. ती मी. आईबाप गेल्यावर तिने दोन भावांना वाढवलं. थोरला मुंबईला, तो आमचा पांडू, एरवी प्लंबर. धाकटा घर सोडून गेलेला, तो नाटकात येतच नाही, नुसतं त्याचं नाव निघतं. तिसऱ्या अंकात थोरला येऊन म्हणतो, हे घर पाडू, तू मुंबईला चल, काय ठेवलंय इथे? आणि गोदा त्याला उत्तर देते. त्या उत्तरासाठी अश्वजित सबंध महिना झुरत होता. लिहायचा, पुसायचा, परत लिहायचा. जेवताना मध्येच हात थांबायचा आणि हा भिंतीकडे बघत बसायचा. नाटकाच्या दिवशी दुपारी मला म्हणाला, "जमला गो वयनी, आता जमला!" डोळे नुसते लकाकत होते. काय जमलं ते बघायचे कष्ट मी काही घेतले नाहीत. विंगेतून येणारच होतं ना!

आमचं स्टेज समाजमंदिरासमोर, उघड्यावर. मे महिन्यात दिवस कलला की खाडीवरून वारा सुटतो आणि प्रॉम्टरची पानं फडफडायला लागतात. म्हणून अश्वजित सावित्री नदीतला एक गुळगुळीत दगड वहीच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवतो. वर्षानुवर्षं तोच दगड. यंदा लाइट गेली तर म्हणून उजव्या हातात बॅटरी, डावा हात पानावर.

त्रिशरण, पंचशील झालं, भाषणं झाली, आणि नाटक लागलं. पहिले दोन अंक सुसाट. कागदावर दगड, दगडामागे अश्वजित, आमची गाडी कुठेही अडली नाही. तात्या पहिल्या रांगेत खुर्चीवर हाताची घडी घालून बसले होते, त्यांची घडीसुद्धा सुटली. मध्यंतरात मी विंगेत गेले तर अश्वजित लॅपटॉप फडक्याने पुसत होता. म्हटलं, "जिंकलो रे!" त्याने मान हलवली, अजून नाही म्हणून.

पुढचं मला नंतर कळलं, पण आत्ताच सांगते. त्याने कागद उचलून बाजूला ठेवले आणि त्याच जागी लॅपटॉप ठेवून झाकण उघडलं. आणि हाताला इतक्या वर्षांची सवय, त्या हाताने दगड उचलला आणि ठेवला लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यावर! आता लॅपटॉपची पानं काय उडणार होती का? पण ठेवला. कंट्रोल आणि ऑल्ट ही दोन्ही बटणं नेमकी त्या दगडाखाली दबली. एवढ्यात पडदा ओढणाऱ्याने घाई केली, पडदा उघडला. लॅपटॉपवर दिसत होता अंकाचा शेवट, कारण दुपारी लिहिता लिहिता तिथेच झाकण लावलेलं. सुरुवातीला मागे जायचं म्हणून याने डावीकडे बाण काढलेलं मोठं बटण दाबलं. मागे जायचा बाण म्हणजे मागेच नेणार, असा त्याचा हिशेब. ते बटण बॅकस्पेसचं.

मला स्टेजवरून एवढंच दिसलं की विंगेतला उजेड गेला. मग परत आला, निळा निळा. त्या निळ्या उजेडात अश्वजितचा चेहरा. असा चेहरा मी त्याच्या वडिलांच्या मयताला पाहिला होता.

पांडू आत आला. पहिलं वाक्य त्याला येत होतं. "गोदे, घरात हायस का?"

मी विंगेकडे कान लावला. काही नाही.

"गोदे, घरात हायस का?" पांडूने परत विचारलं.

"हाय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? "बस."

पांडू बसला. त्यानेही विंगेकडे बघितलं. मग म्हणाला, "बसलो."

लोक हसले. मी घाईघाईने तांब्या उचलला. म्हटलं, "पाणी पितोस?"

"पितो."

मी रिकामा तांब्या दिला आणि पांडू त्यातून पाणी प्यायला लागला. प्यायला म्हणजे किती प्यायला! थांबायला तयारच नाही, कारण प्यायचं संपलं की बोलावं लागणार. पुढच्या चटईवरची पोरं विंगेकडे तोंड करून ओरडायला लागली, "अश्वजित काका, बोला ना!" मागून शिट्टी आली. एक, मग दुसरी. तात्यांनी परत हाताची घडी घातली. मला वाटलं, संपलं. हे नाटकही गेलं आणि सगळीच नाटकं गेली.

मी विंगेकडे बघितलं. अश्वजित एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात पेटवलेली बॅटरी धरून उभा होता, ओठ हलत होते, पण त्याची ती कुजबुजसुद्धा फुटत नव्हती. आणि खरं सांगते, माझ्या डोक्यात तिडीकच गेली. राग कुणाचा आला ते धड कळत नव्हतं. तात्यांचा, शिट्ट्या मारणाऱ्यांचा, त्या मेल्या यंत्राचा, आणि सगळ्यात जास्त त्याचा, तिथे आत उभा राहून नुसता जीव जाळत होता त्याचा. मी गोदा आहे की शर्मिला, हे विसरूनच गेले.

"तू का गप रे?" मी विंगेकडे हात करून ओरडले. अंगणवाडीचा आवाज लागला माझा. "आं? तुझं सगळं माझ्या तोंडून बोलून घेतोस. थोरल्याच्या तोंडून बोलतोस, शेजारणीच्या तोंडून बोलतोस. तुझ्या तोंडाने कधी बोलणार? किती वर्षं आत लपून राहणार? ये बाहेर!"

शिट्ट्या थांबल्या. पांडू तांब्या खाली ठेवून म्हणाला, "कोण हाय आत?" बिचारा खरंच गोंधळला होता.

"धाकटा हाय," मी म्हटलं. "कधीचा तिथेच हाय. कुणी विचारलं नाय, म्हणून आला नाय."

आणि अश्वजित बाहेर आला.

अनवाणी, अंगात कंपनीचा राखाडी शर्ट, हातात पेटलेली बॅटरी तशीच. त्या स्टेजवर तो जन्मात चढला नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर प्रॉम्टर!" आता हा तोंड उघडणार, आता ही माणसं हसणार, आणि याला बाहेर ओढलं मी! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"त... त... ता..."

तो 'ताई' म्हणत होता. मला ठाऊक होतं, तो कुजबुजला असता तर एका दमात बोलला असता. पण कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही. त्याने आवाज लावला होता.

"ताई," तो म्हणाला. मग पांडूकडे वळला. "दादा, तू वि... विचारतोस, काय ठेवलंय ह्या घरात."

पांडूने अजून तसं विचारलंच नव्हतं, पण त्याने मान डोलावली.

"ह्या घरात म... म... म..." अडला. पोरांची तोंडं उघडी, कारण त्यांना पुढचं वाक्य आधी कळायची सवय, आणि या वेळी त्यांनाही कळत नव्हतं. मागच्या अंधारातून एका म्हातारीचा आवाज आला, "बोल रे बाबा. सावकाश बोल."

"माझं ऐकून घेणारी एक बाय हाय," अश्वजित म्हणाला. "मी एक शब्द काढेपर्यंत ती तांदूळ निवडत थांबते. मुंबईला एवढं थ... थांबणार कोण हाय मला? तू थांबशील? तू घर पाड. प... पण आधी माझं सगळं ऐक. मी आजवर काय बोललोच नाय."

पांडू आमचा साधा माणूस. अभिनय त्याच्या बापाने केला नव्हता. तो उठला, धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आपल्या जागी बसवलं, आणि स्वतः खाली जमिनीवर मांडी घालून बसला. "बोल," म्हणाला. "मी थांबतो." त्याचे डोळे भरले होते आणि ते खरे होते.

मग अश्वजित बोलला. शाळेतल्या बाईंचं बोलला, हॉटेलातल्या मिसळीचं बोलला, तेव्हा लोक हसले, पण ते हसणं वेगळं, तोही त्यांच्याबरोबर हसला. मी मध्ये मध्ये बोलत होते, काय बोलले देव जाणे, पण एकदाही विंगेकडे बघितलं नाही. तिथे कुणी नव्हतंच. घर पाडायचं राहिलं ते राहिलंच. पडदा ओढणारा स्वतः रडत होता, त्याला पडदा ओढायची आठवण मीच केली. आणि मग टाळ्या! बायका उभ्या राहिल्या, मुंबईची पोरं खुर्च्यांवर चढली. माझ्या अंगावर काटा आला. आत्ता सांगतानाही येतोय.

आत आल्यावर सेजल धावत आली. तिने लॅपटॉप बघितला, दगड बघितला आणि कपाळावर हात मारला. "काका, सेव्ह केलं होतंस ना?"

"सेव्ह म्हंजे?" तो कुजबुजला.

तिने पासवर्ड टाकला, इकडे शोधलं, तिकडे शोधलं. लिहायचा प्रोग्राम उघडला तर कोरं पान. अश्वजितने ते कोरं पान वर-खाली सरकवून बघितलं. महिन्याची मेहनत होती, दुःख होणारच. मी पाठीवर हात ठेवला.

"चांगलं लिहिलं होतं गो वयनी," तो म्हणाला. "गोदाचं बोलणं तर फारच."

"असेल रे. मी आत्ता काय वाईट बोलले?"

तेव्हा कुठे त्याला हसू आलं. सेजलने तिथल्या तिथे तो शॉर्टकट काढून टाकला आणि काकाला कंट्रोल आणि एस दाबायला शिकवलं. कोऱ्या पानावर दहा वेळा दाबून घेतलं.

एवढ्यात स्टेजवरून माईकवर आमच्या नावाचा पुकारा झाला. तात्या आभार मानायला उभे होते. आम्ही सगळे गेलो. तात्यांनी घसा साफ केला, काहीतरी मोठं बोलायचा विचार असावा, पण ते एवढंच म्हणाले, "ऑर्केस्ट्राचा विषय मी मागे घेतो." लोकांनी परत टाळ्या पिटल्या. मग त्यांनी माईक अश्वजितच्या तोंडासमोर धरला. "लेखक, पुढल्या वर्षी कुठलं नाटक?"

अश्वजितने तोंड उघडलं. ओठ मिटले, परत उघडले, शिरा ताठल्या. मी माझे ओठ दाताखाली धरले, नाहीतर सवयीने मीच बोलून टाकलं असतं. तात्यांचा हात माईक धरून अवघडला असणार, पण त्यांनी तो खाली घेतला नाही. सगळी वाडी थांबली.

"न... नाटक लिहितो," अश्वजित म्हणाला. "पण म... मी स्टेजवर असणार. प... प्रॉम्टर दुसरा बघा."